बांधापलीकडच्या शेतकऱ्याला काय मिळालं?

प्रश्न: "मेलबर्नला मास्टर्स संपवून मला न्यू साउथ वेल्समध्ये डब्बोच्या पूर्वेकडच्या एका ट्रान्समिशन प्रकल्पावर नोकरी लागली आहे. काम जमीनमालकांशी आणि गावकऱ्यांशी बोलण्याचं. सहकारी सांगतात, तिकडचे लोक हवामानबदल मानत नाहीत, सगळे बार्नबी जॉयस आणि पॉलिन हॅन्सनचे मतदार, वाद घालू नकोस, सही घे आणि नीघ. खरंच असं आहे का? हा विरोध नेमका कशाला आहे?"

सहकाऱ्यांचं ऐकून गेलात तर पहिल्याच महिन्यात चार घरांची दारं तुम्हाला कायमची बंद होतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सतरा वर्षं हेच काम करते आहे. आधी पवनचक्क्यांसाठी जमिनीचे भाडेपट्टे, आता उच्चदाबाच्या टॉवरलाइनी. त्याआधी काही वर्षं साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर काढली होती, त्यामुळे शेताच्या बांधावर उभं राहून बोलायची सवय तिथूनच आली.

नेट झिरो, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट, हे थोतांड आहे असं मानणारे तुम्हाला भेटतील. काही जण मोठ्याने बोलतील, एखाद्या सभेत तुमच्यावर ओरडतीलही. पण गेटवर विरोधाची पाटी लावलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात बसून दुसरा चहा झाला की बहुतेक वेळा दोनच प्रश्न पुढे येतात. हे ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं का? आणि शेजाऱ्याला वर्षाला एवढे पैसे मिळणार असतील तर मला काय? या दोन प्रश्नांना वेळेवर उत्तर मिळालं नाही की तिसरा कोणीतरी येऊन उत्तर देतो. तो तिसरा माणूस म्हणजे तुम्ही विचारलेलं जॉयस-हॅन्सन यांचं, ग्रामीण भागातल्या उजव्या पक्षांचं राजकारण.

आधी विजेचा भूगोल बघा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातली वीज कित्येक दशकं मोजक्या जागी तयार झाली. न्यू साउथ वेल्समध्ये हंटरचं खोरं, व्हिक्टोरियात लट्रोब व्हॅली, क्वीन्सलँडमध्ये ग्लॅडस्टोन आणि रॉकहॅम्प्टनच्या आसपासचा पट्टा. कोळसा जिथे तिथे केंद्र, आणि तिथून शहरापर्यंत जाड तारा. ही केंद्रं आता म्हातारी झाली आहेत. व्हिक्टोरियातलं हेझलवूड मार्च २०१७ मध्ये बंद झालं, कामगारांना जेमतेम पाच महिने आधी कळलं होतं. हंटरमधलं लिडेल एप्रिल २०२३ मध्ये थांबलं. त्यांची जागा घेणारा वारा आणि ऊन मात्र डोंगररांगेच्या आत, मेंढ्यांच्या आणि गव्हाच्या मुलखात आहे, आणि तिथे एवढी वीज वाहून नेणाऱ्या लाइन नव्हत्या. लेबर सरकारचं उद्दिष्ट २०३० पर्यंत राष्ट्रीय वीजबाजारातली ८२ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आणण्याचं आहे. वीजयंत्रणा चालवणाऱ्या एमो या संस्थेच्या २०२४ च्या आराखड्यात २०५० पर्यंत सुमारे १०,००० किलोमीटर नव्या लाइन धरल्या होत्या. सिडनी आणि मेलबर्नच्या माणसाला यातला एकही टॉवर घराच्या खिडकीतून दिसणार नाही. डनेडू, कूला, वॉल्चा, चार्ल्टन, सेंट अर्नो इथल्या माणसाला दिसणार आहे.

तुमच्या सहकाऱ्यांना बहुधा माहीत नसेल अशी एक गोष्ट सांगते. तुम्ही ज्या रिन्युएबल एनर्जी झोनमध्ये, म्हणजे वारा-उन्हाच्या प्रकल्पांसाठी आखलेल्या पट्ट्यात, इकडच्या बोलीत 'रेझ'मध्ये, जाणार आहात, तो लेबरने आणलेला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू साउथ वेल्सचा वीज आराखडा जाहीर झाला तेव्हा राज्यात लिबरल आणि ग्रामीण भागाचा पक्ष नॅशनल्स यांचं संयुक्त सरकार होतं. ऊर्जामंत्री लिबरल पक्षाचे मॅट कीन होते आणि उपमुख्यमंत्री नॅशनल्सचे जॉन बॅरिलारो. सेंट्रल-वेस्ट ओराना आणि न्यू इंग्लंड हे दोन मोठे झोन नॅशनल्सच्या बालेकिल्ल्यांत आखले गेले आणि तेव्हा त्याची ओळख 'गावाकडे येणारी गुंतवणूक' अशी करून दिली गेली. विरोध पुढे पेटला, जेव्हा नकाशावरची रंगीत वर्तुळं प्रत्यक्ष कुंपणांपर्यंत येऊन पोचली.

हे शेतकरी कोळशाचे भक्त आहेत, हाही असाच गैरसमज. टॅमवर्थच्या दक्षिणेला लिव्हरपूल प्लेन्स नावाचा काळ्या मातीचा पट्टा आहे. आपल्या कृष्णाकाठच्या रानाची आठवण यावी अशी माती. तिथे ब्रीझा गावाजवळ शेनहुआ या चिनी सरकारी कंपनीची वॉटरमार्क कोळसा खाण होणार होती. शेतकरी वर्षानुवर्षं लढले, पर्यावरणवाद्यांच्या खांद्याला खांदा लावून. २०१५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली तेव्हा स्वतः कृषिमंत्री असलेल्या नॅशनल्सच्या बार्नबी जॉयस यांनी आपल्याच सरकारच्या निर्णयावर जाहीर टीका केली, कारण तो त्यांचाच मतदारसंघ. शेवटी २०२१ मध्ये राज्य सरकारने १० कोटी डॉलर मोजून परवाना परत घेतला. खाणीला, कोळशाच्या थरातल्या वायूच्या विहिरींना आणि आता टॉवरलाइनीला विरोध करणारी माणसं पुष्कळदा तीच आहेत. त्यांची कळ जमिनीत आहे. ऊर्जा कसली आहे हा त्यांच्या दृष्टीने नंतरचा भाग.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येते, कारण सगळी मेख इथे आहे.

पवनचक्की ज्याच्या जमिनीवर उभी राहते त्याला दर पवनचक्कीमागे वर्षाला हजारो डॉलर भाडं मिळतं. डोंगरमाथ्याची सात-आठ पवनचक्क्यांची जमीन असेल तर दुष्काळातही ते घर तगतं. मेंढ्या विकाव्या लागत नाहीत, मुलगा गाव सोडत नाही. मी स्वतः असे करार केले आहेत आणि त्या घरांचं भलं झालेलं पाहिलं आहे. पण वारा माथ्यावर असतो आणि माथा एकाच्याच मालकीचा असतो. उताराखालच्या शेजाऱ्याच्या ओट्यावरून त्या सगळ्या दिसतात, रात्री वाऱ्याची दिशा फिरली की आवाज येतो, आणि त्याच्या हातात काहीच पडत नाही. मी हाताळलेल्या एका प्रकरणात दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण होतं. तीन पिढ्या मेंढ्यांची कातरणी एकमेकांच्या मदतीने झालेली. करार जाहीर झाल्यावर खालच्या घरातल्या बाई मला म्हणाल्या, पैसे मिळाले नाहीत याचं दुःख नाही, त्यांनी आम्हाला आधी सांगितलं नाही याचं आहे. आणि वरच्या घराने सांगितलं नव्हतं ते आमच्या करारातल्या गोपनीयतेच्या कलमामुळे! ते कलम मीच वाचून दाखवलं होतं आणि सही घेतली होती. त्या गावात स्वयंसेवकांचं एकच अग्निशमन केंद्र आहे. वणवा लागला की हीच दोन घरं एका गाडीत बसतात. आपण तिथे काय करून ठेवलं हे मला उशिरा कळलं, आणि त्यानंतर असं कलम असलेला करार मी कुणापुढे ठेवलेला नाही.

टॉवरलाइनीचं गणित आणखी अवघड. पवनचक्कीला जमीनमालक नाही म्हणू शकतो. लाइनीला शेवटपर्यंत नाही म्हणता येत नाही, कारण सक्तीने हक्क घेण्याचा कायदा मागे उभा असतो. मोबदला एकरकमी असायचा आणि जमिनीच्या किमतीवर ठरायचा. विरोध वाढल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सने त्याखेरीज दर किलोमीटरला वर्षाला १०,००० डॉलर, २० वर्षं, अशी योजना आणली. व्हिक्टोरियाने पाठोपाठ दर किलोमीटरला वर्षाला ८,००० डॉलर, २५ वर्षं, असं जाहीर केलं. दोन्हींची बेरीज २ लाख डॉलरच होते. योजना चांगली आहे, फार उशिरा आली. आणि तिच्यातही ज्याच्या शेतातून तार जाते त्यालाच पैसे. रस्त्यापलीकडून ती रोज पाहणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

२०२४ च्या शेवटी न्यू साउथ वेल्सने प्रकल्पांनी गावाला द्यायच्या वाट्याचे दर ठरवून दिले: वाऱ्याला दर मेगावॉटला वर्षाला १,०५० डॉलर, सौरप्रकल्पाला ८५०. म्हणजे २०० मेगावॉटच्या पवनप्रकल्पातून परिसराला वर्षाला २ लाख १० हजार. हा आकडा पाठ करून जा, पण पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. पैशाने सुरुवात केली की लाच द्यायला आल्यासारखं वाटतं, आणि नंतर कितीही खरं बोललात तरी तो वास जात नाही.

विचारण्याचं काय झालं, तेही सांगते. मी ज्यांच्याकडे तेव्हा काम करत होते त्यांनी एकदा शेकडो घरांना टपालाने नकाशे पाठवले. नकाशावर एक जांभळा पट्टा. आमच्या कार्यालयाच्या भाषेत तो 'तात्पुरता कॉरिडॉर' होता, बदलणारच होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाकीट उघडलं तेव्हा पट्टा त्यांच्या लोकर कातरायच्या शेडवरून गेलेला. ती शेड त्यांच्या आजोबांनी बांधलेली. पट्टा पुढे सरकला, शेड वाचली, पण त्या माणसाने आमच्यासाठी गेट पुन्हा उघडलं नाही, आणि त्यांचं पाहून आणखी अकरा घरांनी. ऊर्जा प्रकल्पांच्या तक्रारी पाहणारे तेव्हाचे केंद्रीय आयुक्त अँड्र्यू डायर यांनी केलेल्या आढाव्याचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आला. त्यांच्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक कंपन्यांनी गावाशी साधलेल्या संवादावर नाराज होते. अशा पाहणीत नाराज माणूसच जास्त करून उत्तर देतो हे धरलं तरी हा आकडा आमच्या व्यवसायाला लाज आणणारा आहे.

भीतींबद्दल. 'अफवा' म्हणून सगळ्या एका पोत्यात घालू नका. वणव्याची भीती खरी आहे. फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'ला व्हिक्टोरियात १७३ माणसं गेली, त्यातली ११९ किलमोर ईस्टच्या एकाच आगीत, आणि ती आग जुनी वीजतार तुटून लागली असं चौकशी आयोगाने नोंदवलं. ती तार गावातल्या वितरणाची, एकतारी, जुनाट लाइन होती. ५०० किलोव्होल्टच्या टॉवरलाइनीची रचना, उंची, देखभाल सगळं वेगळं. हा फरक समजावून सांगा, पण आधी ते ११९ लक्षात ठेवून बोला. दाट धुरात उच्चदाबाच्या लाइनीखाली पाणी मारता येत नाही, विमानाने पाणी टाकताना वैमानिकाला लाइन टाळावी लागते, हेही खरंच आहे. जीपीएसवर चालणारी फवारणीची रुंद यंत्रं टॉवरभोवती फिरवणं ही रोजची डोकेदुखी. बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांतून तण आणि रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात. तीस वर्षांनी पवनचक्की उतरवण्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तर मी स्वतः प्रत्येक कंपनीला विचारते. कामगारांच्या लोंढ्याने छोट्या गावात घरभाडं वाढतं आणि तिथली शिक्षिका, नर्स बाहेर फेकली जाते.

दुसऱ्या बाजूला निव्वळ बनावटही आहे. २०२३ मध्ये हंटर आणि इलवारा किनाऱ्यांसमोर समुद्री पवनऊर्जेचे झोन आखले जात असताना 'मरिन पॉलिसी' या संशोधनपत्रिकेच्या नावावर एक दावा फिरला की या पवनचक्क्या वर्षाला ४०० देवमासे मारतील. असा लेख छापलाच गेला नव्हता; पत्रिकेच्या संपादकांना ते जाहीर सांगावं लागलं. तरी सभांमध्ये तो आकडा बरेच दिवस ऐकू येत राहिला. हे अपघाताने होत नाही, त्यामागे पैसा आणि राजकीय हितसंबंध असतात. मला चीड येते ती अशा लोकांची, कारण शेडवरून पट्टा गेलेल्या म्हाताऱ्याचं खरं गाऱ्हाणं ते आपल्या खोट्यासाठी वापरतात.

आता जॉयस आणि हॅन्सन. हा धागा पवनचक्क्यांच्या कितीतरी आधी सुरू होतो. नॅशनल्स हा पक्ष १९२० मध्ये 'कंट्री पार्टी' म्हणून उभा राहिला. शेतमालाला भाव, शेतमाल मंडळं, गावात पोस्ट आणि रेल्वे, या बदल्यात लिबरलांना आणि त्यांच्या आधीच्या लेबरविरोधी पक्षांना साथ, हा त्याचा शंभर वर्षांचा सौदा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत दोन्ही मोठ्या पक्षांनी बाजार मोकळा केला. लोकरीची आधारभूत किंमत १९९१ मध्ये कोसळली, २००० मध्ये दुधाचे नियंत्रित भाव गेले, २००८ मध्ये गहू निर्यातीची एकाधिकार व्यवस्था. मधल्या काळात बँकांच्या शाखा बंद झाल्या. नॅशनल्स कधी सरकारात होते, कधी विरोधात, पण यातलं काहीच थांबलं नाही, आणि शेतकरी विचारू लागला, हे नेमके आमचे कोण? १९९६ मध्ये इप्सविचमध्ये फिश अँड चिप्सचं दुकान चालवणाऱ्या पॉलिन हॅन्सन संसदेत गेल्या. त्यांच्या बोलण्यात आदिवासींबद्दल आणि आशियातून येणाऱ्यांबद्दल विष होतं. तुम्ही-मी ज्या रांगेतून या देशात आलो त्या रांगेबद्दल होतं, आणि ते विसरायची मला गरज वाटत नाही. पण जून १९९८ मध्ये क्वीन्सलँडच्या निवडणुकीत त्यांच्या वन नेशन पक्षाला जवळपास २३ टक्के मतं आणि ११ जागा मिळाल्या, त्या केवळ विषावर मिळाल्या नव्हत्या. बंद झालेल्या बँकेच्या शाखेचा रागही त्यात होता.

त्यानंतर हाच राग वेगवेगळ्या निमित्तांनी वर आला. ऑक्टोबर २०१० मध्ये ग्रिफिथला मरे-डार्लिंग नद्यांच्या पाणीवाटप आराखड्याच्या प्रती शेतकऱ्यांनी जाळल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑरेंजच्या पोटनिवडणुकीत नगरपरिषदांचं सक्तीचं विलीनीकरण आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवरची बंदी यांवरून नॅशनल्सची परंपरागत जागा शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स पक्षाने ५० मतांनी घेतली. २०१९ मध्ये बार्वन आणि मरे या नॅशनल्सच्या जागाही त्याच पक्षाकडे गेल्या, तिथे पाण्याचा राग होता. टॉवरलाइन हे याच रांगेतलं आजचं निमित्त आहे. मागचे वाद ठाऊक असतील तर समोरचा माणूस पवनचक्कीबद्दल बोलता बोलता अचानक पाण्याच्या कोट्यावर का गेला, ते कळतं.

इथली मतदानपद्धतही समजून घ्या. मतदान सक्तीचं आहे आणि केंद्राच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम द्यावे लागतात. ही पद्धत आलीच शेतकऱ्यांमुळे. ऑक्टोबर १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वॉन पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मतं शेतकऱ्यांच्या उमेदवारामुळे फुटली आणि लेबर ३४ टक्क्यांवर जिंकला; त्याच वर्षी सरकारने पसंतीक्रम आणला. त्यामुळे वन नेशनला मत देणारा माणूस आपलं मत वाया घालवत नाही. तो नॅशनल्सना इशारा देतो आणि पुढची पसंती पुष्कळदा त्यांनाच देतो. उलट बाजूही आहे. १९९८ मध्ये ब्लेअर मतदारसंघात हॅन्सन यांना ३६ टक्के पहिली पसंती होती, तरी पसंतीक्रम मोजता मोजता सुरुवातीला तिसऱ्या जागी असलेले लिबरल उमेदवार जिंकले. म्हणून वन नेशनचं बळ पुष्कळदा जागांमध्ये दिसलं नाही. ते दिसलं नॅशनल्सच्या बदललेल्या भाषेत.

ती भाषा कशी बदलली ते पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या तोंडावर नॅशनल्सनी २०५० च्या नेट झिरोला संमती दिली. तेव्हा पक्षाचे नेते आणि उपपंतप्रधान जॉयसच होते, मनातून विरोधात असले तरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनबेऱ्यात संसदेसमोर नवीकरणीय प्रकल्पांविरोधात मोठी सभा झाली, तिथे तेच जॉयस मंचावर होते. जून २०२४ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी जुन्या कोळसा केंद्रांच्या सात जागी अणुऊर्जा केंद्रं उभारायची योजना मांडली. ग्रामीण भागात तिचं आकर्षण एकाच वाक्यात होतं: जुन्याच तारा वापरू, नव्या लागणार नाहीत. मे २०२५ मध्ये लेबर १५० पैकी ९४ जागा जिंकला, डटन स्वतःची जागा हरले, पण नॅशनल्सनी आपल्या बहुतेक जागा राखल्या. मग लिबरल आणि नॅशनल्स यांची आठवडाभर फारकत, पुन्हा समेट, नोव्हेंबर २०२५ मध्ये आधी नॅशनल्सनी आणि पाठोपाठ लिबरलांनी नेट झिरो सोडलं. त्याच महिन्याच्या शेवटी जॉयस यांनी पक्ष सोडला आणि डिसेंबरमध्ये ते वन नेशनमध्ये गेले. तोवर जनमत चाचण्यांमध्ये वन नेशन दुहेरी आकड्यांत पोचला होता. म्हणजे नॅशनल्सनी मागणी मान्य केली आणि तरी माणूस गेलाच. माझ्या मते यात नवल नाही. राग जुना आणि खोल असेल तर धोरणाची एक ओळ खोडून तो शमत नाही.

मे २०२५ च्या निवडणुकीतला कॅलारे मतदारसंघ लक्षात ठेवा, कारण तो तुमच्या प्रकल्पाच्या दक्षिणेला लागूनच आहे. बॅथर्स्ट, ऑरेंज, मजी, लिथगो. सात अणुजागांपैकी माउंट पायपर याच मतदारसंघात. इथले खासदार अँड्र्यू गी २०२२ मध्ये नॅशनल्स सोडून बाहेर पडले आणि २०२५ मध्ये अपक्ष म्हणून जिंकले. व्हिक्टोरियात इंडाय मतदारसंघात तर २०१३ पासून अपक्ष स्त्रियाच निवडून येत आहेत: आधी कॅथी मॅकगोवन, ४३९ मतांनी, आता हेलन हेन्स. हेन्स यांचा सगळा भर गावाच्या मालकीच्या विजेवर आहे. मतदार तसाच ग्रामीण, तसाच नाराज. कौल मात्र निराळा.

यावर राज्यांनी काय केलं? क्वीन्सलँडमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तेत आलेल्या डेव्हिड क्रिसाफुली यांच्या लिबरल नॅशनल सरकारने २०२५ मध्ये कायदा केला: पवन आणि मोठ्या सौरप्रकल्पांना अर्ज करण्याआधीच सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि स्थानिक परिषदेशी लाभाचा करार बंधनकारक. ही अट मला पटते. करार आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम आम्ही स्वतःहून पाळायला हवा होता. पण त्याच सरकारने रॉकहॅम्प्टनजवळच्या मूनलाइट रेंज प्रकल्पाची, ८८ पवनचक्क्यांची, आधीच दिलेली मंजुरी मे २०२५ मध्ये रद्द केली, ते मला पटलं नाही. मिळालेली मंजुरी अशी मागे जाऊ लागली तर प्रामाणिक कंपनीही गावात पैसा लावायला कचरेल. व्हिक्टोरिया उलट टोकाला गेला. न्यू साउथ वेल्सला जोडणाऱ्या व्हीएनआय वेस्ट लाइनीसाठी शेतात शिरण्याचे अधिकार वाढवणारा आणि अडवणाऱ्याला दंड करणारा कायदा त्याने २०२५ मध्ये केला. ट्रॅक्टर मेलबर्नच्या संसदेपर्यंत आले. कुलूप लावलेल्या गेटवर दंडाची नोटीस चिकटवून मैत्री होत नाही, हे सांगायला माझ्यासारखीची गरज नव्हती.

आणि याच रागावलेल्या पट्ट्यात, चार्ल्टनजवळ, कूनूअर ब्रिजचा पवनप्रकल्प २०१६ पासून चालू आहे. सहाच पवनचक्क्या, जवळपास २० मेगावॉट. तिथे आसपासच्या काही किलोमीटरमधल्या घरांना प्रकल्पात भाग दिले गेले, पवनचक्की त्यांच्या जमिनीवर असो वा नसो. डेल्सफर्डजवळ लेनर्ड्स हिलला २०११ पासून हेपबर्न सहकारी प्रकल्पाच्या दोन पवनचक्क्या फिरतात, सुमारे २,००० सभासदांच्या मालकीच्या. त्यांना नावंही आहेत, गेल आणि गस्टो. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो, त्यांचे सगळे गुणदोष मी कराडला जवळून पाहिले आहेत. तरी स्वतःच्या भागाची पावती कपाटात असलेला माणूस त्या धुराड्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे मी कधी विसरले नाही. हे प्रकल्प लहान आहेत, ५०० किलोव्होल्टची लाइन सहकारी तत्त्वावर बांधता येणार नाही, हे मलाही कळतं. पण शेजाऱ्याला हिशोबात धरायला आकार आड येत नाही.

जाता जाता आपल्याकडचा एक दुवा. कॅनबेऱ्याहून सिडनीला जाताना लेक जॉर्जच्या पलीकडे ज्या पवनचक्क्या दिसतात त्या कॅपिटल विंड फार्मच्या, आणि त्या सगळ्या ६७ पुण्याच्या सुझलॉनच्या आहेत. २०१४ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जो हॉकी यांनी रेडिओवर त्यांनाच अत्यंत ओंगळ म्हटलं होतं. रस्त्याने गाडीतून जाणाऱ्या सिडनीच्या माणसाचं ते मत. पवनचक्की कुरूप आहे म्हणून गेट बंद करणारा शेतकरी मला सतरा वर्षांत फार क्वचित भेटला.

तुमच्या कामासाठी एवढंच सांगते. पहिले तीन आठवडे कागद गाडीतच राहू द्या. गेट उघडं सापडलं तर उघडं ठेवा, बंद सापडलं तर बंद करा. यावरून तिथे माणसाची पारख होते. कातरणी, पेरणी, कापणीच्या दिवसांत फोन करू नका. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा आणि शुक्रवारपर्यंत उत्तर देते किंवा देतो म्हटलं असेल तर उत्तर नसतानाही शुक्रवारी फोन करा. कोण कुणाला मत देतो हे विचारू नका, ते स्वतः सांगतील, आणि ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्या रंगावरून, नावावरून कधीतरी बोलणं ऐकावं लागेल. ते झालं तर घडलेलं लिहून वरिष्ठांना द्या, गप्प बसू नका. आणि त्याच रस्त्यावर पुढच्या घरी कोणी तुम्हाला बळेच जेवायला बसवेल, तेही होईल.

रुजू होण्याआधी मात्र तुमच्या कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा: ज्याच्या जमिनीतून लाइन जात नाही, पण ज्याला ती घरातून दिसते, त्याच्यासाठी किती किलोमीटरपर्यंत आणि काय तरतूद केली आहे? उत्तर आलं की मला कळवा, मग कुठल्या घरापासून सुरुवात करायची ते आपण नकाशा घेऊन ठरवू.